शनिवारी मानेआबात मागा

१० मार्च, मंगळवार

दुकान बंद! भर दुपारी, दाराला कडी. पायरीवर पेट्रोलचा लाल कॅन, रिकामा. विमानात बसल्यापासून डोळ्यांपुढे होतं की ताओरिबा दुकानावरच्या, मी रंगवलेल्या फळीखाली उभी राहून हात हलवणार आणि मी ऑफिससाठी फोटो काढणार. बाहेरच्या बेटांवर वर्षभर टिकलेलं हे एकच दुकान. आम्ही उभं केलेलं. आम्ही कसलं – मी!

ओकारी नेमकी तिथेच आली. विमानाची असेल नाहीतर पोटातल्याची. केवड्याच्या झाडामागे जाऊन मोकळी झाले, तोंड पुसून वळले तर इओतेबा आजोबा उभे. मानेआबातले, गावाच्या सभाघरातले, सगळ्यात जुने म्हातारे. एक टवाळी केल्याशिवाय यांचं दुसरं वाक्य सुरू होत नाही. मला वाटलं, आता म्हणणार, "काय गं, आमचं बेट बघून पोट ढवळतं का तुझं?"

"आलीस. बरं झालं," एवढंच म्हणाले.

टवाळी नाही!

"कायेआ बाहेरच्या समुद्रात गेलाय," ते म्हणाले. "आला नाही अजून."

"कधी गेला?"

"झाले बरेच दिवस." आणि माझी बॅग उचलून चालू लागले. या वयात! मी हातातून घ्यायला गेले तर दिली नाही.

कायेआ म्हणजे काबुरा मावशीचा धाकटा. माझा मावसभाऊ. आई या बेटावरची, त्यामुळे लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या मावशीकडे. मी नीरेच्या काकवीत बोट घालताना सापडले की कायेआ पुढे होऊन म्हणायचा, मी घातलं. मार तो खायचा.

मावशीकडेच उतरले. तिने मला जवळ घेतलं, हुंगलं, जेवायला वाढलं. त्याचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही.

११ मार्च

ताओरिबा सापडली. घरामागे बाबाईच्या, आमच्या अळूच्या, खड्ड्यात गुडघाभर चिखलात, उगाच कंद उकरत होती. ती मावशीची थोरली सून, कायेआची वहिनी. नवरा परक्या मासेमारी जहाजावर. बायकांच्या गटाने दुकान तिच्यावर सोपवलंय. भलती धीट बाई! दुकान चालवायच्या आमच्या कोर्सला आली होती तेव्हा साहेबांनाच उलटे प्रश्न विचारले होते. आज वर बघेना.

"कॅन घेऊन आला," म्हणाली. "वहिनी, भर, म्हणाला. बाहेर पक्षी घिरट्या घालतायत, कुप्या माशांचा मोठा थवा आलाय, म्हणाला. नात्याच्या हक्काने, बुबुती म्हणूनच मागितलं त्याने, चेष्टेत नाही."

"मग?"

"मग काय! मी फळीकडे बोट दाखवलं. तू शिकवलंस तसं. तो हसला गं! म्हणाला, वा, घरातली बाई मला आता फळी वाचायला लावते. बरं, शनिवारी येतो, तोवर कॅन राहू दे इथंच. आणि होडीच्या टाकीत होतं तेवढ्यावर गेला."

टाकी भरलेली असती तर परत आला असता. हे तिने म्हटलं नाही. मीही म्हटलं नाही. बेटावर कोणीच म्हणत नाही.

दुकान का उघडत नाहीस, विचारलं. म्हणाली, "तो कॅन ओलांडून आत कशी जाऊ?"

"मग उचलून बाजूला ठेव."

माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा चिखलात हात घातला.

१२ मार्च

माझी चूक नाही.

इथे लिहूनच ठेवते. बेटांवरची दुकानं कशाने बुडतात? वादळाने नाही, उंदरांनी नाही. बुबुतीने! चुलता येतो – तांदूळ दे. आत्या येते – साखर दे. मेव्हण्याला तंबाखू, दिराला पेट्रोल. आणि बुबुती म्हणून मागितलं की रिकाम्या हाताने पाठवायचं नसतं. तोंडावर 'नाही' म्हणणारी बाई आमच्यात अजून जन्मायची आहे. दुकान उघडतं, नातेवाईक येतात, पावसाळ्याच्या आत नुसती फळ्यांची मांडणी उरते. राजधानीतले, तारावाचे साहेब म्हणायचे, "त्यांना 'नाही' म्हणायला शिकवा." हे त्यांना सांगायला काय जातं!

मी 'नाही' शिकवलंच नाही. मी 'माझं नाही' शिकवलं. फळी मी रंगवली, निळ्यावर पांढरी अक्षरं –

या दुकानातलं काहीही ताओरिबाचं नाही. सगळं गटाचं आहे. मागायचं असेल तर शनिवारी मानेआबात मागा.

झालं! जे तिचं नाही ते ती देणार कशी? कोणाचा अपमान नाही, कोणाला राग नाही. आणि मानेआबात, सगळ्या घराण्यांसमोर उभं राहून साखर मागायची कोणाची टाप आहे? वर्षभरात एक माणूस उभं राहिलं नाही. तीच तर खरी गंमत होती. मला ऑफिसात टाळ्या पडल्या होत्या.

१३ मार्च

कोणी मला काही मागत नाही.

आज लक्षात आलं. गेल्या खेपेला आले तेव्हा टॉर्च मागून नेला, छत्री मागून नेली, केसांतला कंगवासुद्धा. चपला तर धक्क्यावरच गेल्या! नेसत्या कपड्यांनिशी परत गेले होते आणि भारी चिडचिड झाली होती. या वेळी सगळं जिथल्या तिथे. जिथे जाईन तिथे शहाळं हातात ठेवतात, चटई अंथरतात, उठून सावली देतात. गोड बोलतात. पण मागत कोणी नाही.

म्हातारी माणसं म्हणायची की भुताला कोणी काही मागत नाही, ते ओळखायचं असं. लहानपणी आम्ही ते ऐकून खिदळायचो.

१४ मार्च, शनिवार

मानेआबात गेले. म्हटलं, काय बोलायचं ते तोंडावर बोला. ओरडा, शिव्या द्या, फळी उपटून माझ्या डोक्यात घाला!

नाही. छपराच्या शाकारणीवर बोलले. चर्चच्या गाण्यांवर बोलले. मग इओतेबा आजोबांनी घसा खाकरला. "आज शनिवार. दुकानातलं कोणाला काही मागायचं आहे?"

दर शनिवारी हे विचारतात. मीच पाडलेली रीत! नेहमी सगळे हसतात आणि उठतात. आज हसलं नाही कोणी आणि उठलंही नाही. सगळे मावशीचं घराणं बसतं त्या खांबाकडे बघत बसले. तिथे एका माणसाची जागा मोकळी होती आणि चटई मात्र अंथरलेली होती.

"शनिवारी येतो म्हणाला होता," कोणीतरी पुटपुटलं.

ऊन उतरेपर्यंत बसून होतो सगळे. तान्ही पोरंसुद्धा रडली नाहीत.

१७ मार्च

विमान आलं नाही. बिघडलंय म्हणे. अडकले!

वारा सुटला की पायरीवरचा कॅन वाजतो. ढुम्. थांबतो. मग पुन्हा, ढुम्. दुकान मावशीच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे, सगळं ऐकू येतं. आज मावशी चटईसाठी केवड्याची पाती चिरत बसली होती. कॅन वाजला की तिचा हात थांबायचा. मग पुन्हा चालायचा.

न राहवून म्हटलं, "मावशी, मी काढून ठेवते तो."

"त्याचा आहे. तो काढेल."

१९ मार्च

सकाळी कॅन वाजला नाही. वारा होता तरी! जाऊन बघितलं तर काठोकाठ भरलेला. झाकण घट्ट. तिथेच वाळूत बसले.

ताओरिबा मागून आली. "मीच भरला," म्हणाली. "मागच्या दाराने आत गेले. गटाला काय सांगायचं ते सांग. काढून टाका मला."

"अगं, पण आता कशाला?"

"आला आणि मागितलं तर?" तिच्या डोळ्यांत झोप म्हणून नव्हती. "रोज पायरीवर येऊन उभा राहतो, रोतिया. तोंड नाही दिसत. 'वहिनी, भर' एवढंच म्हणतो."

मी तिला समजावलं की ही तुझ्या मनाची तळमळ आहे. शहाणपणाने बोलले. शिकलेल्या बाईसारखी! आणि परत येताना पायरीकडे पाठ करून चालवेना, म्हणून उलट्या पावलांनी आले.

२२ मार्च

भरलेला कॅन वाजत नाही. ते जास्त वाईट.

२४ मार्च

आजही विमान नाही.

नव्या चपला मुद्दाम दारात काढून ठेवल्या, लाल पट्ट्यांच्या. बायका आल्या, बसल्या, गेल्या. चपलांना वळसा घालून गेल्या! कंगवा बाकावर ठेवला. टॉर्च चटईवर. काही हललं नाही.

मला कोणीतरी काहीतरी मागा रे! हे मी, मी लिहितेय. ऑफिसातल्यांनी वाचलं तर हसून मरतील.

२८ मार्च

पोटात पहिल्यांदा हललं. मासोळी पाण्यात वळावी तसं. मी तशीच निपचित पडून राहिले, पुन्हा हलेल म्हणून.

आधीची दोन टिकली नाहीत. दुसऱ्या खेपेला तर मी नावही ठरवलं होतं. या वेळी नाव नाही, कपडे नाहीत, कोणाला धड सांगितलंही नाही. नवरा, बाउरो, त्याच्या जहाजावर, त्याला फक्त एक निरोप धाडला. पण आज मी बोलले पोटातल्याशी. म्हटलं, राहा बाबा. काय वाट्टेल ते कर, पण राहा.

मावशी पलीकडे पाती चिरत होती. तिने ऐकलं असेल.

२ एप्रिल

मावशी मला हाताला धरून दुकानाकडे घेऊन गेली. कॅनच्या अलीकडे थांबली. "ही फळी वाच मला."

मावशीला वाचता येत नाही. आणि हे मला इतके दिवस सुचलंच नाही, की तिच्या पोराला काय सांगून परत पाठवलं ते तिला नीट माहीतच नाही! वाचलं कसंबसं.

"पुन्हा वाच. सावकाश."

पुन्हा वाचलं. तिने ओठांतल्या ओठांत म्हटलं. या दुकानातलं काहीही ताओरिबाचं नाही. सगळं गटाचं आहे. मागायचं असेल तर शनिवारी. चुकली तिथे मला थांबवलं आणि विचारून पुढे गेली. लहानपणी ती आम्हाला घराण्याची गाणी अशीच पाठ करून घ्यायची.

"हुशार आहेस," शेवटी म्हणाली. "म्हणजे न देणारीवर दोष येत नाही."

"मावशी..."

"खरंच म्हणतेय. ताओरिबाने तोंडाने 'नाही' म्हटलं असतं, तर मी तिला घरात ठेवली नसती. तुझ्या फळीने घर वाचवलं."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ढसाढसा रडले तिच्यासमोर. तिने पाठीवरून हात फिरवला. मला! तिने मला!

६ एप्रिल

आज मावशीने म्हाताऱ्यांना बोलावून सांगितलं, आता त्याला वाटेला लावा.

इतके दिवस तिने मंत्र म्हणू दिले नव्हते. वाटेला लावलं की आत्मा उत्तरेच्या टोकाकडे निघतो, तिथे राखण करत बसलेल्या नाका नावाच्या म्हाताऱ्या देवाच्या हातून सुटून पलीकडे जातो, मग परत फिरत नाही. चर्चला जाणारेसुद्धा सगळे आले. सूर्य बुडताना किनाऱ्यावर उभं राहून म्हणाले. सरळ जा, वळू नको, वाट चुकू नको.

ताओरिबा म्हणत नव्हती. ओठ घट्ट. तिला त्याने जायला नको होतं, पेट्रोल घेतल्याशिवाय.

मावशी मात्र खड्या आवाजात म्हणाली. नंतर हात झटकून उभी राहिली आणि माझ्या पोटाकडे बघितलं. फार वेळ.

९ एप्रिल

लिहिते.

दुपारी मावशी आली. केस विंचरलेले, चांगला ब्लाउज, हातात काही नाही. मी तिच्याच घरात राहते, तरी ती बाहेर जाऊन, वळसा घालून, पाहुणी यावी तशी समोरून आली. माझ्यासमोर मांडी घालून बसली. "रोतिया, मी मागायला आलेय. बुबुती."

मला काय झालं ते सांगू? आनंद झाला! जीव भांड्यात पडला. इतक्या दिवसांनी कोणीतरी मला मागत होतं आणि तेही मावशी! टॉर्च, चपला, पगार, तारावाचं घर – काय हवं ते ने बाई, एकदाची ने! मी तिचे दोन्ही हात धरले. "माग, मावशी! काहीही माग. दिलं!"

दिलं! ऐकायच्या आधी. मी. बेटोबेटी हिंडून बायकांना सांगते की आधी ऐका, मग श्वास घ्या, मग बोला.

"पोटातलं दे मला," ती म्हणाली. "कायेआ म्हणून वाढवीन."

आमच्यात हे नवं नाही. मावशा, आज्या पोर मागून घेतात, प्रेमाने वाढवतात, पोराला दोन घरं मिळतात. बाउरोला स्वतःला आजीने मागून घेतलं होतं. तो म्हणेल, मग त्यात काय! आई असती तर म्हणाली असती, मान दिला गं तुला. सगळं मला माहीत आहे. हेही माहीत आहे की मला हे पोर माझ्या कुशीत हवं आहे. रोज. माझ्याच.

सुटायची वाट एकच येते मला. 'माझं नाही.' तीच वाट मी सगळ्यांना शिकवली. आता काय म्हणू? कोणाचं म्हणू?

आणि त्या बाईचा पोरगा माझ्या फळीपाशी येऊन परत गेला होता.

"हो, मावशी," म्हटलं.

तिने माझ्या पोटावर डोकं टेकवलं. फार हलकं होतं तिचं डोकं.

१२ एप्रिल

सकाळी उठले तर चपला नाहीत. शेजारच्या पोरीने नेल्या. आली तीच म्हणत, "रोतियाताई, या माझ्या हं आता!" मग दुसरी कंगव्याला आली. टॉर्च गेला. छत्री गेली. इओतेबा आजोबा आले. "काय गं, पोट एवढं पुढे आलंय, माझ्या तंबाखूचा डबा तर नाही ना गिळलास? असेल तर काढ!" सगळे हसले. मीपण हसले!

आले मी माणसांत. ताओरिबाने दुकान उघडलं. कॅन दाराआड ठेवला, भरलेलाच. गिऱ्हाईकं आली. कोणी फळीकडे बघितलं नाही.

जे मोल दिलं ते फार मोठं होतं. पण आज कोणीतरी मला "कंजूस" म्हणालं आणि इतकं बरं वाटलं!

१६ एप्रिल

मावशी चिमुकली चटई विणतेय. पाती इतकी बारीक चिरलीये की रेशमासारखी लागते. मधून मधून माझ्याकडे सरकते आणि पोटाशी बोलते. "कायेआ, लाथा मारू नको रे रोतियाला."

रोतियाला. आईला नाही.

आणि ते थांबतं! तिचा आवाज ऐकला की थांबतं. काल मी हळूच म्हटलं, कायेआ. लगेच हललं. माझ्या पोटात कोण आहे? मी कोणाला घेऊन फिरतेय? समुद्रातून येऊन इथे शिरला की काय तो, शनिवारची वाट बघत?

मूर्खासारखं लिहितेय. खोडणार नाही.

२१ एप्रिल, मंगळवार

कायेआ जिवंत आहे!!

रेडिओवर. नाव, बेटाचं नाव, आईचं नाव, सगळं. परक्या मासेमारी बोटीला सापडला. कुठल्या पाण्यात ते ओरडाआरड्यात ऐकूच आलं नाही. पावसाचं पाणी पीत, हाताने मासे धरत राहिला. बोट काल तारावाच्या बंदराला लागली. हाडं राहिलीत फक्त, पण बोलतोय! विमान दुरुस्त झालंय. शनिवारच्या विमानाने घरी!

ताओरिबा किंचाळत किनाऱ्यावर धावली ती थेट पाण्यात. कपड्यांसकट. म्हातारे मानेआबात नाचले. इओतेबा आजोबा म्हणाले, "नाकानेच परत धाडला असेल! हा तिथेही पेट्रोल मागत बसला असणार." मावशीला धरून धरून बसवावं लागलं. रडते, हसते, पुन्हा रडते.

मी भूत नाही! तोही नाही! नाचले मीपण, पोट धरून.

आणि नाचता नाचता एकदम आठवलं. आता मावशीला माझं पोर कशाला हवं? तिचं तिला मिळालं. हे मी मोठ्याने म्हणाले की मनात, तेही कळलं नाही.

२२ एप्रिल

मावशीकडे बघत बसले दिवसभर. ती चटई विणत होती. तीच, चिमुकली. वाटलं, हात सवयीने चाललाय. संध्याकाळी धीर करून म्हटलं, "मावशी, कायेआ येतोय ना आता."

"येतोय गं माझा बाळ!" डोळे भरून आले तिचे. मग काठ दुमडता दुमडता म्हणाली, "नाव मात्र बदलावं लागेल. जिवंत माणसाचं कसं ठेवायचं पोराला? तू सुचव एखादं. तुझा मान आहे."

बाहेर गेले. पोटातलं शांत होतं, मीच नव्हते.

२३ एप्रिल

इओतेबा आजोबांना गाठलं. पहिल्यांदा कोणाजवळ बोलले. म्हातारा ऐकून घेत होता, दात कोरत. "दिलेलं परत घेता येत नाही," म्हणाले.

"माहीत आहे."

"पण मागता येतं की! काबुरा काय आभाळातून पडलीय? तिलाही बुबुतीला 'नाही' म्हणता येत नाही. जा, तिच्यासमोर मांडी घालून बस आणि माग." माझ्या तोंडाकडे बघून खो खो हसले. "बेटोबेटी हिंडून बुबुती बंद करणारी बाई! आता लाग मागायला!"

हसू दे. मागीन! लाज गेली खड्ड्यात. उद्या केस विंचरून, चांगला ब्लाउज घालून, समोरून वळसा घालून जाईन. ती कधीच 'नाही' म्हणणार नाही. तिला येतच नाही म्हणायला.

२४ एप्रिल

गेले. मागितलं. मावशीने हातातली चटई खाली ठेवली, माझ्या दोन्ही गालांवरून हात फिरवला. खूप मायेने. मग डोळे मिटून, आठवून आठवून, एकही शब्द न चुकवता म्हणाली, "त्यातलं काहीही माझं नाही. सगळं घराण्याचं आहे. मागायचं असेल तर शनिवारी मानेआबात माग."

उद्या शनिवार.